जुलैतलं आमंत्रण

गुरुवार, चौदा जुलै दोन हजार बावीस. रात्री पावणेदहा वाजता विल्बर्त काउइच अर्धी बादली कालवलेला चुना आणि एक थापी घेऊन घरातून निघाला. काम पंधरा मिनिटांचं होतं. गावच्या दफनभूमीतल्या एका कप्प्याचं तोंड उघडं राहिलं होतं, ते बंद करायचं आणि परत यायचं. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती, त्यामुळे इतक्या रात्री कुठे चाललास, असं विचारणारं घरात कोणी नव्हतं.

"काका, वीज गेली की तुम्हाला बरोबर भुतं आठवतात," माझं बोलणं तोडत रेने म्हणाला.

"वीज असली की तुम्हा पोरांना काही ऐकू येत नाही, म्हणून. खुर्च्या पुढे घ्या. आणि यारेत्सी, तू तो फोन खाली ठेव. ही गोष्ट तुझ्यासाठी आहे. दुपारपासून डोकं खाल्लंस माझं, 'काका, तिशोल गावावर प्रोजेक्ट करतेय, जिज्ञासू पर्यटकांना तिथे काय काय बघता येईल, मुद्दे सांगा.' हा घे मुद्दा."

हे सगळं मला विल्बर्तने स्वतः सांगितलंय, याच ओट्यावर बसून. अडतीस वर्षं मी काम्पेचेच्या पेपरात बातम्या दिल्या. तीन महापौरांनी मला कोर्टात खेचलं आणि तिघेही हरले. खोटं बोलणारा माणूस स्वतःला थोडा तरी बरा दाखवतो, एवढं मी त्या धंद्यात शिकलो. विल्बर्तने स्वतःला कुठेच बरं दाखवलं नाही. म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे.

तुम्ही शहरातली पोरं. आजोबा गेले तर त्यांना भट्टीत घातलंत आणि बरणी टीव्हीशेजारी ठेवलीत. तिशोलला तसं नसतं. तिथे माणूस गेला की त्याला तीन वर्षं सिमेंटच्या कप्प्यात ठेवतात. तीन वर्षं भरली आणि ऑक्टोबरचा शेवट आला की घरचे कप्पा फोडतात, हाडं बाहेर काढतात, एकेक हाड फडक्याने पुसतात आणि लाकडाच्या छोट्या पेटीत ठेवतात. पायाच्या बोटांपासून सुरुवात, कवटी सगळ्यात वर. खाली भरतकामाचं नवं कापड. पेटी दफनभूमीतल्याच कोनाड्यात, झाकण थोडं उघडं आणि कवटीचं तोंड वाटेकडे, म्हणजे आतल्याला येणारे-जाणारे दिसावेत. त्यानंतर दर वर्षी ऑक्टोबरात पुन्हा पुसायचं. आंघोळच ती.

आणि पुसताना बोलायचं. गप्प बसून हाड पुसणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. "आता गुडघा घेते हं, दुखलं तर सांग. पोरगी पास झाली. छत गळत होतं, ते केलं नीट." असं. शेवटी कवटी ठेवायची आणि आमंत्रण द्यायचं, "झालास स्वच्छ. चल आता घरी, जेवायला. सगळे तुझी वाट बघताहेत." घरी ताट मांडलेलं असतं. तो येतो, जेवतो, आठ दिवस राहतो. मग मेणबत्त्या लावून त्याला परत वाटेला लावायचं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाहुण्याची सरबराई आहे ती.

"पण मग हे तर भारीच आहे, काका," यारेत्सी म्हणाली. "लोकांनी का नाही बघायचं?"

"बघू देत की! मी कुठे नाही म्हणतोय? ऑक्टोबरात तिशोलला गाड्या भरून लोक येतात. गावकरी त्यांना खुर्ची देतात, पाणी देतात. मी त्या लोकांवर चिडलेलो नाही. पुढे ऐक."

विल्बर्त गावचा वाटाड्या. दफनभूमी दाखवायचा, गोष्टी रंगवून सांगायचा, इंग्रजी कामापुरतं यायचं. त्याचा जिवलग दोस्त एल्मेर नाल, गवंडी. एल्मेरच्या मुलीला विल्बर्तने बाप्तिस्म्याला हातावर घेतलं होतं, म्हणजे दोघं एकमेकांचे कोंपाद्रे, आणि एल्मेरची बायको विल्बर्तची कोमाद्रे. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडलेलं चालतं, कोंपाद्रेशी नाही. ते नातं देवासमोर जोडलेलं असतं.

एल्मेरची मूत्रपिंडं गेली. शेवटचे पंधरा दिवस तो विल्बर्तच्या घरी होता, कारण दवाखाना समोरच. तिथे खिडकीजवळ आकड्यांना टांगलेल्या जाळीच्या झोळीत पडून असायचा. त्याची बायको लँडी उशाशी. एका रात्री ती जरा डुलकी घ्यायला गेली, तेव्हा एल्मेर म्हणाला, "कोंपाद्रे, तीन वर्षांनी मला काढाल, तेव्हा लँडीच्या आधी कोणाचा हात लागता कामा नये. मी कसा दिसतो ते पहिल्यांदा तिने बघायचं."

"गप रे. तू मला पोचवून मरशील."

"शब्द दे."

विल्बर्तने शब्द दिला. नऊ ऑक्टोबर दोन हजार एकोणीसला एल्मेर गेला.

लँडी मुलीला घेऊन किनाऱ्यावर गेली, प्लाया देल कार्मेनला. मोठ्या हॉटेलात दिवसाला सोळा खोल्यांच्या चादरी बदलायची. रात्री त्या कापडावर भरतकाम. एल्मेरचं नाव, कडेने पिवळी फुलं. दर महिन्याला विल्बर्तला फोन, "कोंपाद्रे, दफनभूमीत गेलात की त्याला सांगा, मी येतेय. ऑक्टोबर बावीस. रजा आत्तापासून मागून ठेवलीये." आणि हसून म्हणायची, "तसं स्वप्नात सांगतेच मी त्याला. रोज येतो मेला. पलंगाच्या कडेला बसतो आणि मी दमलेली असले की नुसता बसून राहतो."

आता ब्राकामोन्ते. किनाऱ्यावरच्या एका प्रवास कंपनीचा माणूस, इस्त्रीचा सदरा, दात पांढरेशुभ्र. जूनमध्ये तो तिशोलला आला आणि विल्बर्तला बिअर पाजली.

"ऑक्टोबरात तर सगळेच दाखवतात," तो म्हणाला. "मला जुलैत पाहिजे. लोकांना सुट्ट्या जुलैत असतात."

"मेलेल्यांना नसतात, साहेब."

"मग त्यांना एक दिवस जादा काम पडेल." हसला. "नुसत्या पेट्या नकोत. त्या फोटोत रोज दिसतात. पहिली वेळ पाहिजे. कप्पा फुटतोय, हाडं पहिल्यांदा उजेडात येताहेत, माणूस त्यांच्याशी बोलतोय. असं दुसरीकडे कुठे बघायला मिळतं? कुठेच नाही. तू मला हे दे, मी तुला वर्षभर दर आठवड्याला पाहुण्यांची गाडी देतो."

विल्बर्तने गावात विचारलं. एका म्हातारीने त्याच्या अंगावर चपलेसकट पाय उगारला. "तुझ्या बापाला काढ बाहेर आणि नाचव त्याला!" कोणीही हो म्हटलं नाही.

मग त्याने कोणाला निवडलं?

ज्याच्या घरचं गावात कोणी नव्हतं, त्याला. जिचा विरोध साडेचारशे किलोमीटरवर चादरी बदलत होता, तिच्या नवऱ्याला. पोरांनो, माझ्या सगळ्या नोकरीत मी हेच बघितलं. माणूस परक्याला फसवायला जातो आणि परका हुशार निघतो. मग तो घरी येतो. घरचा माणूस दार उघडं ठेवून बसलेला असतो.

विल्बर्तने मनाची समजूत काढली. मी काय कोणी परका आहे? मी त्याचा कोंपाद्रे. हळूच काढीन, हळूच ठेवीन, पुन्हा चुना मारीन. तीन महिन्यांनी लँडी येईल, तिला कळणारही नाही.

चौदा जुलैला दुपारी चार वाजता, राखणदार घरी गेल्यावर, गाडी आली. बारा पाहुणे, त्याच किनाऱ्यावरून. त्यांच्या चादरी त्या सकाळी कोणी बदलल्या, ते मला विचारू नका. विल्बर्तने कप्पा फोडला. हाडं काढली. पायाच्या बोटांपासून पुसत गेला. पाहुणे शहाण्यासारखे उभे होते. एक बाई खरंच रडली, म्हणे. तिला मी काय बोलू? जग बघायला माणूस घराबाहेर पडतो, त्यात पाप नाही. पण तिला जे दाखवलं गेलं, ते दाखवणाऱ्याचं नव्हतं. पाप तिथे आहे.

सगळं झाल्यावर ब्राकामोन्ते म्हणाला, "आता ते बोल. शेवटचं. माया भाषेत."

आणि इथे विल्बर्त चुकला. त्या बारा जणांना मायेतलं अक्षर कळत नव्हतं. त्याने टोमॅटोचा भाव सांगितला असता तरी त्यांनी डोळे पुसले असते. पण हातात कवटी होती. तिशोलच्या माणसाच्या हातात कवटी आली की तोंडातून दुसरं काही निघत नाही. लहानपणापासूनची सवय. त्याने कवटी दोन्ही हातांत धरली आणि खरे शब्द, सगळेच्या सगळे, म्हणून टाकले.

"झालास स्वच्छ, एल्मेर. चल आता घरी, जेवायला. सगळे तुझी वाट बघताहेत."

जुलैमध्ये. ताट नाही, मेणबत्ती नाही. वाट बघणारं कोणी नाही...

गाडी गेली. अंधार पडत आला होता आणि पाऊस भरून आला होता. विल्बर्तने हाडं पुन्हा शवपेटीत ठेवली, कप्प्यावर दोन फळ्या टेकवल्या आणि घरी आला. पहाटे राखणदार यायच्या आत चुना मारायला हवा होता. म्हणून तो पावणेदहाला निघाला.

आपली ती तीनचाकी सायकल असते ना, प्रवासी पुढे बसतो आणि चालवणारा मागे, जिच्यावरून तो पाहुण्यांना फिरवायचा, ती घेऊन निघाला. पुढच्या बाकड्यावर बादली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाऊस पडून गेला होता आणि बेडूक ओरडत होते. दफनभूमीचं फाटक त्याने लोटलं. विजेरी दातांत धरली. फळ्या सरळ केल्या, चुना मारला, थापीने कडा गुळगुळीत केल्या. काम चांगलं झालं. एल्मेरनेच शिकवलं होतं त्याला.

आत वाकून बघितलं नाही.

मी विचारलं, "का नाही बघितलंस?"

तो म्हणाला, "काका, बघायचं काय? मी स्वतः ठेवलं होतं त्याला."

दहा वाजून वीस मिनिटांनी तो बाहेर आला. घड्याळ बघितलं होतं. रिकामी बादली त्याने बाकड्याखाली ठेवली आणि सीटवर बसला. पायडलवर पाय ठेवला.

बाकडं खचलं.

पुढचं बाकडं. स्प्रिंगा कुरकुरल्या आणि बाकडं बोटभर खाली गेलं. एखादा माणूस टेकतो, तसं. आधी एका बाजूने. मग नीट.

बाकड्यावर कोणी नव्हतं.

विल्बर्त म्हणतो, बेडूक गप्प झाले होते, ते त्याला तेव्हा कळलं.

त्याने पायडल मारलं. सायकल जड. चढ नाही, चिखल नाही. रिकामी सायकल नव्हती ती. आयुष्यभर माणसं वाहिलेल्या पायांना वजन कळतं. सत्तर किलो नाही. पन्नासही नाही... आजारपणात एल्मेर जेवढा उरला होता, तेवढं.

"माझी पाठ थंड पडली," विल्बर्त मला म्हणाला, "पण सायकल सोडून पळावं, असं मनात आलं नाही. पाहुण्याला रस्त्यात कसं सोडायचं?"

"आमंत्रण दिलंस म्हणून?"

"मी दिलं, काका. मी म्हणालो ना, चल..."

गावात एकही दिवा नव्हता. वाटेत कुत्रे होते. एकही भुंकला नाही. ते भिंतीला लागून बसले आणि मान वळवून सायकल जाताना बघत राहिले. सीटवरच्या माणसाकडे नव्हे. बाकड्याकडे.

घर आलं. बाकडं वर उचललं गेलं.

विल्बर्तने कुलूप काढलं. आत गेला. दार लावावं की नाही, ते कळेना. उघडंच ठेवलं. मेणबत्ती शोधली, सापडली नाही. चुलीजवळ सकाळच्या दोन टॉर्टिया होत्या, गार, वातड. त्याने त्या ताटलीत ठेवल्या. पाण्याचा पेला ठेवला. पाणी सांडलं.

मग आपल्या झोळीत जाऊन बसला. पाय जमिनीवर.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळ, ती झोळी होती. एल्मेरची. तीन वर्षं तिच्यात कोणी निजलेलं नव्हतं. नुसती लटकलेली असायची. सैल.

दोर ताणला.

आधी आकडा वाजला. मग दोर. मग झोळी हळूहळू भरली... खांदे... कंबर... टाचा. जाळीत माणसाचा आकार उमटला. आत माणूस नाही. नुसता आकार.

झोळी हलत नव्हती.

किती वेळ गेला, त्याला माहीत नाही. टॉर्टियांना कोणी हात लावला नाही.

आणि मग त्याला विचारलं गेलं.

"आवाज होता का?" मी म्हणालो.

"नाही."

"मग?"

"आपण झोपेत असताना कोणीतरी खोलीत आहे, हे कळतं ना... तसं कळलं. तो विचारत होता. एकच गोष्ट."

"काय?"

"लँडी?"

पोरांनो, इथे त्याला खरं बोलता आलं असतं. कोंपाद्रे, मी चुकलो. ही ती वेळ नाही. लँडीला कोणी बोलावलंच नाही. ती ऑक्टोबरात येणार आहे, कापड भरतेय तुझ्यासाठी. मी तुला लोकांना दाखवण्यासाठी काढलं. माफ कर. एवढंच. सहा वाक्यं.

विल्बर्त म्हणाला, "बोलावलं होतं... ती आली नाही."

झोळी तशीच.

"मी फोन केला होता, एल्मेर. खरंच. ती म्हणाली, जमणार नाही."

झोळी तशीच...

"तिला दुसरा मिळालाय. किनाऱ्यावर. ती विसरली तुला."

मग दोर सैल झाला. एकदम नाही. हळू. खांदे गेले. कंबर गेली. टाचा शेवटी. झोळी रिकामी झाली आणि पहिल्यांदा हलली. एकदा पुढे. एकदा मागे.

दाराकडे काही गेलं, असं त्याला वाटलं नाही. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तो उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिला. सकाळी त्याला सगळ्यात आधी काय वाटलं, माहितीये? सुटलो. त्याने हेही मला सांगितलं.

"इतका नीच माणूस!" यारेत्सी म्हणाली.

"नीच वगैरे काही नाही. घाबरलेला. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं वाटोळं घाबरलेल्या माणसांनी केलंय."

ऑक्टोबर आला. एकतीस तारीख, सोमवार. लँडी रात्रभर बसने प्रवास करून आली. नवा पांढरा पोशाख, हातात कापड, बरोबर मुलगी. विल्बर्तने कप्पा फोडला. करणार काय? एल्मेर गेल्यापासून तोच करत आलाय गावात ते काम.

लँडीने शवपेटीचं झाकण काढलं आणि बघत राहिली.

"किती स्वच्छ आहेस रे," ती एल्मेरला म्हणाली. "जसं काही कोणी आधीच..." आणि तिने विल्बर्तकडे बघितलं.

"चुन्याने होतं तसं, कोमाद्रे."

तिने मान डोलावली. तो तिच्या मुलीचा धर्मबाप. त्याचं खरं नाही मानायचं, तर कोणाचं? तिने एकेक हाड पुसलं, बोलली, हसली, रडली. कापड अंथरलं. कवटी ठेवली, तोंड वाटेकडे. आमंत्रण दिलं. घरी जाऊन ताट मांडलं.

संध्याकाळी तिने विल्बर्तच्या बायकोला सांगितलं, "एक विचित्र आहे बघ. जुलैपासून तो स्वप्नात येत नाही. एकदाही नाही. मला वाटलं, थकला असेल वाट बघून. आता येईल."

विल्बर्त दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला.

एक तारखेला सकाळी लँडी पेटीपाशी फुलं घेऊन गेली. कवटी भिंतीकडे वळलेली होती. वाटेकडे मागची गोल हाडाची बाजू. पोरांनी खेळ केला असेल, म्हणून तिने ती नीट केली आणि कोनाड्याच्या लोखंडी जाळीला कुलूप घातलं. किल्ली गळ्यात.

दोन तारखेला पुन्हा भिंतीकडे.

"माझ्यावर रागावलाय का हा?" तिने सगळ्यांसमोर विल्बर्तला विचारलं. "मी काय केलं, कोंपाद्रे? तुम्ही असता ना इथे. तुम्हाला काही बोलला का?"

त्या रात्री विल्बर्त माझ्याकडे आला. इथे, या पायरीवर बसला आणि तुम्हाला सांगितलं ते सगळं त्याने मला सांगितलं. मग म्हणाला, "काका, तुम्ही सांगा तिला. तुम्हाला शब्द सुचतात."

मी त्याची गचांडी धरली. सांगायला लाज वाटत नाही. सत्तरीत धरली. "शब्द तुलाही सुचले होते, चौदा जुलैला! तूच सांगणार. मी फक्त बाजूला उभा राहणार, तू शेपूट घालू नयेस म्हणून."

तीन तारखेला सकाळी आम्ही तिशोलला गेलो. विल्बर्तने सांगितलं. लँडी ओरडली नाही. शिव्या दिल्या नाहीत. तिने मुलीला आत पाठवलं आणि म्हणाली, "त्याने माझं नाव घेतलं, तेव्हा तू काय म्हणालास? तेवढं परत म्हण."

लँडीच्या तोंडी तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला होता, ते त्याला कळलं. त्याने परत म्हटलं. खाली बघून.

"दुसरं काहीही सांगायचंस," लँडी म्हणाली. "मी मेले म्हणून सांगायचंस. मग त्याने मला शोधलं तरी असतं."

"कोमाद्रे..."

"तसं म्हणू नकोस मला."

ती त्याला दफनभूमीत घेऊन गेली. मी मागे. कवटी भिंतीकडेच होती. तिने ती वाटेकडे केली आणि विल्बर्तला पुढे ढकललं. "बोल. तुझं ऐकतो तो."

विल्बर्त गुडघ्यांवर बसला आणि माया भाषेत बोलला. मला ती चांगली येते. त्याने काहीही लपवलं नाही. मी खोटं बोललो, ती आली नाही कारण तिला सांगितलंच नाही, ती तुझीच आहे, मीच तुला विकलं. तीनदा बोलला.

मग त्याला उठवून लँडी बसली. दोन तास. ती काय बोलली, ते सांगणार नाही. मी पुरेशा लोकांच्या घरातलं छापलंय आयुष्यात. एवढंच ऐकलं, कारण ते तिने मोठ्याने म्हटलं, "सोळा खोल्या रे रोज. सोळा. आणि रात्री तुझं नाव भरायचे."

अंधार पडल्यावर तिने जाळीला कुलूप घातलं. मी दुसरं घातलं, माझ्या गाडीच्या डिकीचं, पितळी. माझी किल्ली माझ्या खिशात. रात्रभर मी फाटकासमोर गाडीत बसून होतो. झोपलो नाही. म्हाताऱ्याला झोप तशीही येत नाही. आत कोणी गेलं नाही. बाहेर कोणी आलं नाही.

शुक्रवार, चार नोव्हेंबर. पावणेसहाला उजाडलं. लँडी आली. अंगात तोच पांढरा पोशाख. आम्ही दोघं चालत गेलो. ती वाटेत म्हणाली, "रात्री आला नाही हो स्वप्नात." मी म्हटलं, "आधी बघू तर."

दोन्ही कुलपं जशीच्या तशी. माझ्या किल्लीने माझं काढलं. तिने तिचं.

पेटीतल्या कापडावर एक चुणी नव्हती. पिवळी फुलं सरळ. झाकण आम्ही ठेवलं होतं तेवढंच उघडं.

एल्मेर भिंतीकडे तोंड करून होता.